टॅन्सीची बैठक

एल्वुड रुआर्क उन्हाळ्यात खेकडे धरायचा, हिवाळ्यात कालवं काढायचा आणि बारा महिने कुत्री शिकवायचा. अमेरिकेतल्या चेसापीक खाडीच्या दलदलीत घरटी एखादं तरी तांबूस, तेलकट केसांचं कुत्रं असतंच. गोळी लागलेलं बदक गारढोण पाण्यात पडलं की पोहत जाऊन आणून देणारं. पण एल्वुडच्या हाताखालून गेलेल्या कुत्र्यानं आणलेल्या बदकाला दाताचा ओरखडा म्हणून दिसायचा नाही.

"सोताच्या पोरांना कधी जोजवलं न्हाई," त्याची बायको मायर्ना म्हणायची, "आन् हितं पिल्लाला तोंडात अंडं धरायला शिकवतोय."

असा हा माणूस गेल्या साली शिकारी मंडळाच्या मेळाव्यात, कुत्र्यांच्या चढाओढीत, सगळ्यांदेखत तोंडघशी पडला. त्याचा कुत्रा हुकमाची वाट न बघता, बार उडायच्या आतच पाण्यात झेपावला. मासळीच्या धक्क्यावर म्हातारा ओरम टॉड त्याला वर्षभर सोलत होता, "एल्वुड, लेका, त्या कुत्र्यालाच बंदूक दे की! तू बस काठावर शेपूट हालवत."

एल्वुडनं तो कुत्रा भाच्याला देऊन टाकला आणि टॅन्सी नावाची कुत्री आणली. नेम एकच. टॅन्सीनं बसायचं, बार उडो, बदक पडो, आभाळ कोसळो, बसायचं. तिचं नाव घेतलं की उठायचं, सरळ बदकाकडं जायचं आणि ते एल्वुडच्या हातात द्यायचं. दुसरं काही नाही. तो तिच्यासमोर मटणाचा तुकडा ठेवून जेवायला बसे. टॅन्सीची लाळ जमिनीला टेके, पण बूड हलत नसे. मायर्नाला बघवायचं नाही.

"आरं, ती काय चर्चमधला पुतळा हाय का?"

"शनिवारी मेळावा हाय," एल्वुड म्हणाला. "ओरमचं तोंड बंद झालं म्हंजी मग खाऊ दे तिला काय खायचं ते."

मेळाव्याच्या दोन दिवस आधी तो तिला शेवटचं पारखायला खाडीवर घेऊन गेला. नेहमीचा जोडीदार तापानं पडला होता, म्हणून थर्मास घेऊन मायर्ना सोबत आली. थंडी हाडात शिरत होती. पहिलीच बदकं उतरली, एल्वुडनं एक पाडलं. ते खोल पाण्याच्या पल्याड जाऊन पडलं. टॅन्सी थरथरली, पण बसून राहिली.

"बघितलंस?" एल्वुडची छाती फुगली. "आता आणखी ताणतो. मी जाऊन आमिषाला सोडलेली लाकडी बदकं गोळा करतो. तवर हिनं त्या खऱ्याकडं बघत बसायचं."

"पुरं की आता. हाक मार तिला."

"बघ तर."

त्यानं होडी ढकलली. छातीपर्यंतचे रबरी बूट घातलेला जाडजूड माणूस वाकून लाकडी बदकांची दोरी ओढायला गेला, वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडली आणि एल्वुड पाण्यात. पहिल्यांदा मायर्नाला हसूच आलं. मग बुटांत पाणी भरताना तिनं बघितलं. होडी वाऱ्यानं लांब गेली. एल्वुडची हनुवटी तेवढी वर होती, तीही मधूनच दिसेनाशी होत होती. पाण्यावर जन्म काढलेल्या त्या गावात पोहता येणारे थोडेच, आणि मायर्ना त्यांतली नव्हती.

"जा!" ती टॅन्सीवर किंचाळली. "अगं जा की! बुडतोय तो!"

टॅन्सी कण्हली. पुढचे पाय नाचवले. बूड मात्र काठावरच्या फळीला चिकटलेलं.

एल्वुडनं तोंड उघडलं, पण नाव घेण्याआधी तोंडात पाणी गेलं.

"टॅन्सी!" मायर्ना ओरडली.

कुत्री बाणासारखी सुटली. मायर्नाच्या जिवात जीव आला. टॅन्सी सरळ एल्वुडच्या दिशेनं चालली होती. जवळ पोचली. एल्वुडनं हात पुढं केला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला वळसा घालून ती पुढं गेली.

 मायर्नाच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा बुडत होता आणि त्याची कुत्री मेलेलं बदक आणायला निघाली होती.

टॅन्सीनं बदक अलगद उचललं, माघारी वळली आणि शिकवल्याप्रमाणं एल्वुडपाशी आली. त्याच्या हाताशी बदक नेऊन धरलं. एल्वुडनं बदक धरलं नाही, तिच्या मानेची कातडी धरली. धनी घेईना म्हटल्यावर ती रोजच्या देण्याच्या जागेकडं, काठाकडं निघाली. तोंडात बदक, मानेला माणूस. मायर्ना छातीइतक्या चिखलपाण्यात घुसली आणि तिनं त्याला कॉलरला धरून ओढलं.

गाडीत हीटर लावून, घोंगड्यात गुंडाळल्यावर कितीतरी वेळानं त्याचे दात वाजायचे थांबले.

"मला बघितलं तिनं," तो म्हणाला. "डोळ्यांत डोळे घालून बघितलं, मायर्ना. आन् गेली."

"तिला काय बोलतोस? तू शिकवलंस तेच केलं तिनं."



दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. ओरम टॉड उठून उभा राहिला, त्यानं एल्वुडचा हात हातात घेतला.

"मानलं, गड्या! धनी मरतोय तरी कुत्री हुकूम मोडत न्हाई! अशी बैठक आमच्या बापजाद्यांनी बघितली न्हाई. माझं पिल्लू पण अस्संच करून दे."

सगळे पाठ थोपटत होते. वर्षभर ज्यासाठी तो झुरला ते मिळत होतं, आणि त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडत चालला होता. कॉफी तशीच ठेवून तो घरी आला.

शनिवारी मेळाव्याला गेला नाही. मायर्ना खिडकीतून बघत होती. घरामागच्या धक्क्यावर त्यानं एक काटकी पाण्यात भिरकावली आणि टॅन्सीशेजारी गुडघे टेकून बसला.

"जा, बये," तो हळूच म्हणाला. "न सांगता जा. एकदा तरी."

टॅन्सीनं काटकीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. अंगभर थरथरली.

आणि बसून राहिली.