टेकाडावरची पाटी

दिंडोरी मागे पडली तेव्हा वत्सलाबाईंच्या टाचेला फोड आला होता आणि हर्षालीची बडबड अजून ताजीतवानी होती. नवरात्रात नाशिकहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचा वत्सलाबाईंचा जुना नेम. यंदा सोबतीला भावाची मुलगी आली, तीही आपणहून. तेव्हाच ओळखायला हवं होतं. तरण्या पोरी नुसत्या देवीसाठी एवढं चालत नसतात.

रस्त्याकडेला केळी वाटायचा मंडप होता. वरच्या फ्लेक्सवर देवी कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मधोमध हात जोडून उभा एक गॉगलवाला, खाली लिहिलेलं ‘उदयोन्मुख नेतृत्व’.

“बघ गं, तुझ्या पंगतीतला दिसतोय,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“मला गॉगल नाय दिला, आत्या. कापडी पिशवी दिली.”

खरंच दिली होती. स्वतःच्या जमिनीवर रान राखणाऱ्या तरुणांना हुडकायचं आणि त्यांना पुढारी करायचं, असं व्रत एका संस्थेने घेतलं होतं. त्यात हर्षाली सापडली आणि तिला शिबिराला नेलं. वणीजवळच्या गावात त्यांचं घरचं टेकाड आहे, सामाईक, भावंडांत कधी वाटणी न झालेलं. वडील गेल्यावर हिने तिथे चराईबंदी केली. हप्ताभर पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायची आणि सुटीला टेकाडावर जाऊन लोकांच्या शेळ्या हाकलायच्या. मोबदल्यात शिव्या भरपूर. “तुझ्या लग्नाचा मांडव जळंल,” असा आशीर्वाद शेजारच्या नवसाबाईने दिलेला. मग हिने गावाला सांगितलं, शेळी सोडायची नाही, पण दसरा झाला की विळ्याने गवत कापून न्या, निम्मं तुमचं. दोन-तीन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं, धावडा आणि सालई आपसूक फुटली. आता नवसाबाईच दुसऱ्यांच्या शेळ्यांवर धावून जाते. आशीर्वाद तेच.

“पण त्या शिबिरात शिकवलं काय?”

“हॉटेलात प्लास्टिकच्या वेलीखाली बसून झाडं कशी वाचवायची ते. एसी असा, की लोकं शाली मागत होती. मग वर्तमानपत्राचे मनोरे बांधले. मग डोळे मिटून आपल्यातला वाघ शोधायचा होता. मला झोप लागली.”

“अगं बाई! रागावले असतील.”

“टाळ्या वाजवल्या. म्हणे, एवढी एकाग्रता कुणाचीच नव्हती. पुढाऱ्याने प्रश्न विचारावेत असं सांगितलं, म्हणून मी विचारलं, सामाईक जमिनीत चुलता ऐकत नसंल तर काय करायचं? म्हणाले, फार सुंदर प्रश्न. अन् जेवायची सुटी झाली.”

एवढ्यावर थांबले असते तरी उपकार झाले असते. पण कौतुकाला हात आखडता कसा घ्यायचा? संस्थेने टेकाडाच्या पायथ्याशी हिरवी लोखंडी पाटी रोवली, ‘संरक्षित खाजगी वन’. नारळ फुटला, फोटो निघाले, गाड्या धुरळा उडवत गेल्या. गावाने पाटीवरचा एकच शब्द वाचला, वन. आणि जमिनीला वन चिकटलं की ती आपली राहत नाही, हे तिथल्या तान्ह्या लेकरालाही ठाऊक. हर्षालीचा चुलता रावजी, वत्सलाबाईंचा धाकटा भाऊ, इतकी वर्षं त्या खडकाकडे ढुंकून बघत नव्हता. पाटी दिसली आणि त्याची झोपच उडाली. सरकार घ्यायच्या आत विकून मोकळं होऊ म्हणाला. गिऱ्हाईकही मिळालं, जेसीबी लावून टेकाड उतरवणारं, मुरुमाचं. उभ्या शिबिराला एक पुढारी घडवता आला नाही, पाटीने एक दलाल घडवला.

“संस्थेला कळवलंस का?”

“कळवलं. म्हणाले, हा शिकण्याचा प्रवास हाय. पाटी काढायला वरून मंजुरी लागती.”

वत्सलाबाई हसल्या, पण अर्धवट. रावजीचा फोन त्यांनाही आला होता. “आक्का, भाऊबीजेला ये. पैठणी घेऊन ठेवलीये. अन् हक्कसोडीवर तेवढी सही करून टाक.” बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, ही रीत. त्यांच्या आईने तेच केलं, नणंदांनीही. जिने केलं नाही तिचं नाव माहेरच्या लग्नपत्रिकेतून गळलं. वत्सलाबाई रावजीला “बरं” म्हणून बसल्या होत्या.

वणीच्या अलीकडे एका बाभळीखाली दोघी टेकल्या. समोर गड दिसत होता. वत्सलाबाईंनी हात जोडले. हर्षालीने त्यांचा पाय मांडीवर घेऊन टाचेला चिंधी बांधली. आता तिची बडबड थांबली होती.

“तीन हिस्से हायेत,” ती खाली बघत म्हणाली. “एक आमचा, एक काकाचा, एक तुझा. तुझा त्याच्याकडं गेला की तो म्हणंल ते होणार. मला एखादा कोपरा देईल, बाकी मुरुम.”

“माझं माहेर जाईल, पोरी. तो एकच भाऊ उरलाय.”

“ठाऊक हाय. म्हणून तर गडावर पोचायच्या आधी बोलते. देवीसमोर बोलले असते तर तुला नाय म्हणताच आलं नसतं.”

हर्षालीने चिंधीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“भाऊबीजेला जा, आत्या. काकाला ओवाळ, साडी घे, फराळ खा. फक्त सही करू नको.”