राजाजीनगरच्या घरातलं गोल टेबल

लग्न होऊन मी राजाजीनगरच्या घरात आले, तेव्हा सगळे पाटावर जेवत. आधी सासरे आणि माझा नवरा. त्यांचं आटोपलं की सासूबाई, विधवा नणंद आणि मी, स्वयंपाकघरात बसून. घरच्या मराठीत कानडी शब्द मिसळलेले असत. सासऱ्यांना घरात अण्णा म्हणत, नणंदेला अक्का. मी शाळेत शिकवायची, आणि पुरुषांची पंगत लांबली की उपाशीच बस पकडायची.

साठीनंतर अण्णांचे गुडघे धरायला लागले, म्हणून टेबल घ्यायचं ठरलं. छावणीतल्या एका बंगल्यात विकायला काढलेलं सहा फुटी लांबट शिसवी टेबल त्यांनी पसंत केलं. आमची मधली खोली नऊ बाय आठ, त्यात दोन दारं आणि एक कपाट.

मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तेवढाच आकार मांडला. भोवती स्टुलं ठेवली.

"अण्णा, आता इथून पलीकडे जाऊन दाखवा."

ते कपाटापाशी अडकले. "मग लहान चौकोनी घेऊ," म्हणाले. "मी, हा, आणि आला-गेला पाहुणा."

"आणि आम्ही तिघी?"

"तुम्ही नंतर जेवताच की."

"नाही जेवणार. चार फुटी गोल घेऊ. पाच जण बसतात आणि दारही उघडतं."

"गोल टेबलाला कर्त्याची जागा कुठली?"

"तुम्ही बसाल ती."

"ते टेबल घरात आलं तर मी त्यावर जेवणार नाही," अण्णा म्हणाले. नवरा मला डोळ्यांनी 'पुरे' म्हणत होता. मला पुरे झालेलं नव्हतं. पगार झाल्यावर मी एकटी शहरातल्याच शिवाजीनगरला गेले, सुताराकडून टेबल आणि पाच खुर्च्या करवून घेतल्या आणि हातगाडीवर घालून आणल्या.

त्या संध्याकाळी अण्णा आमच्याकडे पाठ करून पाटावर बसले. मी टेबलावर पानं मांडली, भांडी मध्ये ठेवली आणि सरळ जेवायला बसले. थोडं घुटमळून नवराही बसला. अक्का दारातच उभी.

"मी बसू?" तिनं हळूच विचारलं.

"तुमचीच खुर्ची आहे ती."

ती पदर सावरून अगदी कडेला टेकली. सासूबाई अण्णांना वाढत होत्या. भातावर आमटीसारखं पातळ सारू वाढून झाल्यावर त्यांनी भांडी पाटाशेजारी ठेवली, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"भात," अण्णा म्हणाले.

"अहो, बाजूलाच आहे. स्वल्प वाकून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मी जेवतेय."

त्यांनी पुढचा घास घेतला; त्या उठल्या नाहीत.

अण्णांनी पाट बरेच दिवस सोडला नाही. मग एका सकाळी मुकाट्यानं येऊन अक्काशेजारची खुर्ची ओढली. बसताच कुरकुरले, "लहान झालंय हे."

"सरी, बरं अण्णा," मी म्हटलं आणि त्यांचं पान वाढलं. टेबल मात्र बदललं नाही.