बिनवासाचं पाणी

नगरहून पुतण्याचा फोन आला तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला. हंडा भरून वाहत होता, पण मला नळ बंद करायचंही सुचेना...

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर भंडारदऱ्याकडचं, झऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या. शेवगावात उभा जन्म गेला, पण नळाच्या पाण्यातल्या जंतुनाशक पावडरच्या वासाशी त्यांचं कधी जमलं नाही. म्हणून त्यांनी आपली रीत बसवली होती. पाणी पसरट पातेल्यात ओतायचं, वर पातळ फडकं टाकायचं आणि दिवसभर ओट्यावर ठेवायचं. मधूनमधून तांब्याने वरखाली करायचं. संध्याकाळी वास उडाला की माठात, वाळ्याच्या जुडीवर. "आक्का, पाण्याचे किती लाड?" मी चिडवायचे. "अगं, दवाखान्यात बसल्यागत वाटतंय प्यायला," त्या नाक मुरडायच्या. त्यांच्या माठातलं पाणी मात्र पाहुणे मागून प्यायचे.

श्रावणात एका सकाळी त्यांनी मला नळाशी बोलावलं. "शालन, वास घेऊन बघ. काईच न्हाई! माझ्या माहेरचं पानी हाय गं हे." पातेलं त्या दिवशी पालथंच राहिलं. नळाखाली तांब्या धरून आक्का उभ्या उभ्या प्यायल्या, पुन्हा भरून प्यायल्या. मीही प्यायले. खरंच गोड होतं.

काही आठवड्यांनी घरात कावीळ शिरली. आम्ही बाकीचे त्यातून बरे झालो, आक्कांना मात्र नगरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "मध्यंतरी पाण्याला पावडरचा वास यायचा बंद झाला होता का?" आक्कांनी हळूच मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं... ती नजर मला अजून सोडत नाही.

पातेलं ओट्यावरच आहे. नळ आला की मी आधी पाण्याला नाक लावते. ज्या वासाला आक्कांनी जन्मभर शिव्या दिल्या, तो आला की माझ्या जिवात जीव येतो. मग त्यांच्यासारखंच फडकं टाकून ठेवते.

आज सकाळी नळ आला. तांब्या नाकाशी धरला... पुन्हा धरला. काहीच नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण खुशीत ओरडली, "शालनबाई, आज पानी लई ग्वाड आलंय!"

मी तांब्या टाकला आणि तिच्या दाराकडे धावले.