निरोपाचं ताट घेऊन कसबा पेठेत

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर कोकणातल्या एसट्या आणि हिमाचलातले घाट पाहिलेत. या वेळचा प्रवास अर्ध्या दिवसाचा आहे, कोथरूड ते कसबा पेठ आणि परत. घरातली जुनी चांदी तपासून घ्यायचा विचार असेल तर उपयोगी पडेल. बाकीच्यांनी नाही वाचला तरी चालेल. आमची ही तर माझा ब्लॉग कधीच वाचत नाही.

निमित्त नातीच्या बारशाचं. तिला चांदीचे वाळे करायचे होते, आणि ते माझं ताट मोडून करावेत ही कल्पना माझीच. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला चांदीचं ताट दिलं होतं. मधोमध माझं नाव, आणि खाली ‘विद्यार्थिप्रिय भूगोल शिक्षक’ अशी कोरलेली अक्षरं. दर पाडव्याला ही ते उजळायची, सणाचा नैवेद्य त्यातच, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ते दाखवलं जायचं. मीही दाखवायचो. त्यातलेच वाळे नातीच्या पायात घातले की नोकरीचं चीज होईल असं वाटत होतं.

घराजवळच्या सराफाने ताट उलटंपालटं करून पाहिलं. “यावर हॉलमार्क नाही, काका. आधी शुद्धता तपासून आणा, मग मोडीचं बोलू.” सोन्याच्या नव्या दागिन्यावर आता सहा अक्षरं-आकड्यांचा क्रमांक असतो आणि तो मोबाईलवर पडताळता येतो. चांदीही शिक्का बघूनच घ्यावी. जुन्या वस्तूंवर यातलं काहीच नसतं, त्या तपासणी केंद्रात न्याव्या लागतात.

ताटाची खरेदी केली होती अरुणने. अरुण शिंदे, आमच्याच शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, नोकरीत मला मिळालेला एकुलता एक मित्र. “अरुणभावजींना घेऊन जा, त्यांना दुकान ठाऊक असेल,” असं ही म्हणाली, म्हणून फोन लावला.

“मोडू नकोस रे,” तो म्हणाला. “आठवण आहे.”

“आठवण नातीच्या पायात राहील.”

“मग वाळे मी आणतो. ताट राहू दे.”

“तू कशाला आणशील?”

तो म्हणाला, “एकटा जाऊ नकोस. मी येतो.”

कसबा पेठेत जायचं तर गाडी काढू नका, लावायला जागा मिळत नाही आणि मिळाली तर ती कोणाच्या तरी दुकानासमोर असते. मी आनंदनगरला मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला उतरून भुयारी गाडी पकडली, पुढचंच स्टेशन कसबा पेठ. तिकीट साधारण रिक्षाच्या पहिल्या टप्प्याएवढं. अरुण बिबवेवाडीहून बसने स्वारगेटला येऊन तिथून मेट्रोने आला. स्टेशनबाहेर भेटलो आणि पायीच निघालो. वाटेत तांबट आळी लागली, तांब्याच्या भांड्यांवर हातोडे पडत होते. एरवी अरुणला तिथून ओढून न्यावं लागतं, तो वही काढून चित्रं काढत उभा राहतो. त्या दिवशी मान खाली घालून चालत होता. गुडघा दुखत असेल असं मला वाटलं.

तपासणी केंद्र म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची थंडगार खोली. आमच्यापुढे एक बाई सोन्याचे गोठ घेऊन उभ्या होत्या.

“सासूबाईंचे आहेत हो, बावीस कॅरेटचेच,” त्या म्हणाल्या.

“मशीनला सासूबाई कळत नाहीत. द्या,” काउंटरवरचा तरुण म्हणाला.

आमची पाळी आली. शुल्क दोन मिसळींच्या आत बसलं. त्याने ताट मशीनमध्ये ठेवलं, झाकण लावलं, आणि पडद्यावर आकडे आले. भरपूर चांदी. मी अरुणच्या पाठीवर थाप मारली.

“थांबा, काका,” तो तरुण म्हणाला. “मशीन फक्त वरचं दाखवतं. आतलं बघायचं तर काठाखाली जरा कानस लावावी लागेल. लावू?”

“नको,” अरुण म्हणाला. “कशाला खरवडायचं?”

“लावा,” मी म्हणालो.

त्याने घासून ताट पुन्हा आत ठेवलं. “तांबं आणि जस्त. पितळ आहे, वर चांदीचा मुलामा. अहवाल कोणाच्या नावाने करू? ताटावर आहे त्याच?”

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसलो. चहा उत्तम मिळतो, पण मला त्याची चव कळली नाही.

“किती खाल्लेस?” मी विचारलं.

अरुण कपाकडे बघत राहिला. “वर्गणीचं पाकीट स्टाफरूममध्ये दोनदा फिरवलं मी. दोन्ही वेळा त्यात माझे आणि आपल्या शिपाईमामांचेच पैसे होते.”

“आणि बाकीचे?”

“म्हणाले, तो जातोय हीच आम्हाला भेट.”

“अरे, पण भाषणं झाली होती. मुख्याध्यापकांचे तर डोळे भरून आले होते.”

“भाषणांना वर्गणी लागत नाही,” अरुण म्हणाला. “तू सगळ्यांना इतकं टाकून बोलायचास रे. पण रिकाम्या हाताने तुला कसा पाठवणार? जमलं त्यात मुलाम्याचं आलं. अक्षरं मी सांगून कोरून घेतली.”

म्हणजे विद्यार्थिप्रियसुद्धा त्याचंच. मला त्याचा भयंकर राग आला. त्याने पैसे खाल्ले असते तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या, आणि घरी मान वर करून गेलो असतो.

“वहिनींना माझं नाव सांग,” तो उठताना म्हणाला. “मीच खाल्ले म्हण. त्या इतक्या जणांना ताट दाखवत आल्यात, त्यांना हे नको कळायला.”

चहाचे पैसे त्यानेच दिले.

घरी आलो. ही दारातच उभी होती. पितळ निघालं म्हटल्यावर खुर्चीत बसली. “म्हणजे अरुणभावजींनी?” तिने विचारलं. मी चपला काढल्या, पाणी प्यालो.

“हो,” मी म्हणालो.

या प्रवासातून काय मिळालं म्हणाल, तर जुन्या चांदीला कानस लावून घ्यावी हे आता कोणालाही सांगू शकतो. आतलं कळून तुम्हाला बरं वाटेल, असं मात्र सांगू शकत नाही. वाळे आम्ही नवे घेतले, हॉलमार्क बघून. बारसं रविवारी झालं. शिंद्यांना बोलवायचं नाही असं हिने बजावलं होतं, तसं बोलावलं नाही.

संध्याकाळी पंगत उठल्यावर त्याचा फोन आला. “नाव काय ठेवलं रे?” मी सांगितलं. “छान आहे,” तो म्हणाला. आतून हिने विचारलं, “अहो, कोणाचा फोन?”

“राँग नंबर,” मी म्हणालो. फोन अजून कानालाच होता.