शुद्धिपत्रासकट

पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या माणसांविषयी माझं मत वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

गेली दोन वर्षं मी पुस्तकं कानांनी वाचते आहे. माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पुस्तक उघडलं तर समास स्वच्छ दिसतो आणि मजकुराच्या जागी राखाडी डाग. पस्तीस वर्षं भोपाळच्या शाळेत भूगोल शिकवला, नकाशावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतली गावं शोधून काढली, आणि आता दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "जितना बचा है, उतना सँभालिए." पुण्याच्या मुलीने यावर उपाय म्हणून फोनमध्ये ऑडिओबुकांचं अ‍ॅप घालून दिलं. "आई, आता तुला पुस्तकं कमी पडायची नाहीत," म्हणाली. पुस्तकं कमी पडत नाहीतच. ती वाचणारी माणसं मात्र कुठून गोळा केली आहेत, कोण जाणे.

सुरुवात एका मधाळ गृहस्थापासून झाली. यांचा आवाज इतका चिकट, की दोन प्रकरणं ऐकून झाल्यावर हात धुवावेसे वाटत. प्रत्येक परिच्छेदाआधी हे एक निःश्वास टाकायचे. नायिका दार उघडते, निःश्वास. पोस्टमन येतो, निःश्वास. शेवटी नायिकेचा बाप मरतो तेव्हा यांच्याकडे टाकायला निःश्वास उरलाच नव्हता, म्हणून मागे बासरी लावली. ही बासरी सगळ्यांकडे असते. लेखकाने दुःख नीट लिहिलेलं असलं तरी यांचा त्याच्यावर भरवसा नाही. ऐकणाऱ्याला कळायचं नाही म्हणून बासरी.

त्यानंतर एक नाटकवाले भेटले. हे सगळी पात्रं स्वतःच करतात. बाई बोलायला लागली की यांचा आवाज नाकात चढतो आणि म्हातारं माणूस आलं की थरथरायला लागतो. मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझा आवाज थरथरत नाही, रागावले तर उलट जास्त घट्ट होतो, हे आमच्या कोटरा भागातल्या गॅसवाल्यालाही माहीत आहे. खेड्यातलं पात्र कोकणातलं असो की खानदेशातलं, यांच्या तोंडी एकच बोली, आणि तीही कुठल्याच खेड्यात बोलत नसतील अशी. आणखी एक बाई आहेत, त्या हसून वाचतात. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं की हसतमुखाने वाचलं की आवाज गोड येतो. गोड येतो ना. तापाने मूल दगावतं त्या प्रकरणातही तितकाच गोड येतो. मी फोन उशीखाली कोंबला.

अ‍ॅपमध्ये मत नोंदवायची सोय आहे, आणि ती मी सोडत नाही. मत मी सांगते, लिहितात आमचे हे. हे सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. जन्म भोपाळचा, सारं आयुष्य इथलं, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी. चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर शोधत लिहितात. "एकच तारा देऊ? बेचाऱ्याचं पण पोट आहे ना."

"पोट आहे तर दुसरं काही करावं. लिहा."

"लिहून राहिलो ना, जरा दम घे."

असे मी अकरा वाचकांना अकरा तारे दिले आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या पुढ्यात काहीही वाढावं असं थोडंच आहे?

शिवाय मला यातलं कळतं. मी स्वतः वाचून दाखवलेलं आहे, आणि एकदोन दिवस नाही, चांगली चार वर्षं. माझ्या सासूबाईंना. आम्ही तेव्हा शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. काचबिंदूने आईंची नजर पूर्ण गेली होती. मी दुपारी शाळेतून आले, दोन घास खाल्ले, की आई गव्हाचं ताट मांडीवर घेऊन बसत. गहू त्या बोटांनी निवडायच्या. खडा त्यांच्या बोटांतून सुटत नसे. मी समोर खुर्चीवर बसून वाचायची.

चातुर्मासात पोथी असे. पोथीचे नियम घरात पक्के होते. अध्याय मध्ये सोडायचा नाही, वाचताना उठायचं नाही, एक ओवी जरी गळली तरी अध्याय पुन्हा पहिल्यापासून. आई डोळे मिटून ऐकत आणि माझी जीभ कुठे घसरली तर गव्हावरचा हात थांबे. तो हात थांबला की मी मुकाट मागे जायची. चार वर्षांत पोथीतली एक मात्राही मी इकडची तिकडे केली नाही.

बाकीच्या महिन्यांत कादंबऱ्या. त्यांतली एक आईंच्या माहेरून आलेली, जाडजूड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. ती त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. आणि कादंबरीला काही नियम नव्हते. शाळेत पोर्शन संपवायची मला सवय, संध्याकाळचा स्वयंपाक पुढे उभा. वर्णन आलं की मी बोटाने पानं मोजून पलटायची, मध्ये पदरचं एक वाक्य घालायची, "असे बरेच दिवस गेले," आणि पुढची गोष्ट सुरू. सांधा कुठे दिसू द्यायची नाही. याचा मला अभिमानच होता. लेखक लोक उगाच पाल्हाळ लावतात, मी त्यांना सुधारून घेते, असं स्टाफरूममध्ये सांगून मी हशा मिळवला होता.

या कादंबरीच्या दुसऱ्या वाचनापासून आईंचं एक सुरू झालं. मधेच विचारायच्या, "नदी आली का गं?"

"कुठली नदी, आई?"

"नाही, आली असेल तर म्हटलं."

आई कृष्णाकाठच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या त्याला तेव्हा साठ वर्षं होत आली होती. इथे एवढा तलाव आहे, पण त्यांना तो कधी आवडला नाही. पाणी जागचं हलत नाही म्हणायच्या. मला वाटलं, वय झालं, आता यांचं माहेर आणि गोष्ट एकमेकांत मिसळायला लागलं. तिसऱ्या वाचनात त्यांनी हेच पाचसहा वेळा विचारलं, आणि शेवटचं पान झालं तेव्हा म्हणाल्या, "परत पहिल्यापासून घेशील?" तेव्हा मी घाबरले. नात्यात सगळ्यांना सांगितलं की आईंना आता विसरायला होतं. त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी चहाबरोबर एक. आई नुसता तळहात पुढे करायच्या. त्यानंतर वर्षभराने त्या गेल्या.

गेल्या महिन्यात तीच कादंबरी मला अ‍ॅपवर सापडली. मी लावली ती साफ भांडायच्या हेतूने. हे पुस्तक मी तीनदा मोठ्याने वाचलेलं, आता हा शहाणा कसं वाचतो ते बघू. तर हा शहाणा माझ्या यादीतला सर्वांत कोरडा निघाला. बातम्या द्यायला बसल्यासारखा. चढ नाही, उतार नाही. आणि सुरुवात कुठून करावी? आवृत्ती, मुद्रक, छापखान्याचा पत्ता, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, आणि त्यानंतर शुद्धिपत्र. पृष्ठ त्रेचाळीस, ओळ सहावी, अमुकऐवजी तमुक वाचावे. ऐकणाऱ्याच्या हातात पान नाही, ओळ नाही, आणि हा चुका सुधारून देतोय. हे स्वयंपाकघरातून हसत म्हणाले, "याला तर मेडल द्यायला हवं." मी तिथल्या तिथे त्याला बारावा तारा बहाल केला आणि यांच्याकडून लिहवून घेतलं, की एवढा बिनडोक वाचक आजवर ऐकला नव्हता.

तरी ऐकत राहिले. वर्षाचा गहू करोंदच्या मंडीतून आला होता. आताशा मीही तो बोटांनीच निवडते. एका दुपारी ताट मांडीवर, फोन शेजारच्या स्टुलावर, आणि त्याने आपल्या त्याच आवाजात सांगितलं, "प्रकरण अकरावे." मी वाट बघत होते की आता नायिका शहरात येईल. माझ्या लेखी दहाव्यानंतर नायिका शहरातच येत होती.

ती आली नाही. नदी आली.

नायिका शहरात जाण्याआधी एकदा शेवटची घाटावर जाते, एवढंच त्या प्रकरणात घडतं. बाकी सगळी नदी. पहाटेचं पाणी, पायऱ्यांवरचं शेवाळ, कुठल्या पायरीला तडा आहे, भांडी घासायला कुणाची जागा कुठली, पुरानंतर देवळाच्या भिंतीवर उरलेली गाळाची रेघ, पलीकडच्या काठाला हाक मारली तर ती किती वेळाने पोचते. चाळीस मिनिटं. ती बया काठावरच्या प्रत्येक दगडाचा निरोप घेते, कारण तिला जिथे दिलंय तिथे नदी नाही. हा माणूस ते पाणीपुरवठ्याची सूचना वाचावी तसं वाचत होता, आणि माझा गव्हावरचा हात कधी थांबला ते मला कळलं नाही.

ही पानं मी तीनदा हातात धरली होती. माझे डोळे तेव्हा धडधाकट होते.

आमचे हे चहा घेऊन आले तेव्हा मी फोन बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. पानं पलटायची ते, पदरचं वाक्य घालायची ते. मला वाटलं, धक्का बसेल. यांनी चहा स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "आईला मालूम होतं."

"काय माहीत होतं?"

"तू पानं सोडते ते. ते पुस्तक तिचं होतं ना, लग्नाआधी दहादा वाचलेलं. ती त्या नदीसाठीच वाचायला सांगायची. वाटायचं तिला, या वेळी येईल."

"आणि त्या गोळ्या?"

"त्या तिने कधी घेतल्या नाहीत. मला देऊन द्यायची. मी खिशात टाकून ऑफिसला घेऊन जायचो, तिकडे फेकून द्यायचो."

मला राग आला. या दोघांचा, वर्षभर माझ्या नाकाखाली चाललेल्या या कारभाराचा. मी विचारलं, "मग मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?"

हे म्हणाले, "मी म्हटलं होतं तिला, मी बोलतो. तिने मला शपथ घातली. म्हणाली, काही बोलू नकोस, रागावली तर वाचायचं बंद करेल."

रागावले असतेच. बंदही केलं असतं, निदान चार दिवस. आईंनी मला बरोबर ओळखलं होतं.

"तुम्ही तरी वाचून दाखवायचं होतंत."

"घेतलं होतं एकदा. दोन पानं झाली असतील, म्हणाली, राहू दे, तू टेंडर वाचल्यासारखं वाचतोस." हे हसले. "तुझं चांगलं म्हणायची. वाचते छान, म्हणायची, तेवढं गाळते."

चहा निवला. ताटातल्या गव्हावर मी नुसता हात फिरवत बसले. एक खडा लागला, तो काढून बाजूला ठेवला. मला आवडलं नाही तर मी तारा देऊन मोकळी होते. आई नुसता गहू निवडत बसायच्या आणि नदीची वाट बघायच्या.

थोड्या वेळाने मी यांना त्या वाचकाखालचं मत काढून टाकायला सांगितलं.

"मग नवीन काय लिहू?" यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लिहा, आवाज भिकार आहे. वाचतो म्हणजे सूचना देतो. एकही पान गाळत नाही."

"आणि तारे?"

"पाच."

"पाच?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. मला त्यांचे कान तेवढे दिसले. मी फोन हातात घेऊन अकरावं प्रकरण परत पहिल्यापासून लावलं, आणि आवाज मोठा केला.