पंखांची शिवण

मी फुलचूरला, आमच्या गावी, घरी बसून नागपूरच्या एका ऑफिसचं काम करते. कंपन्यांचे इतिहास इंग्रजीत लिहून द्यायचे. या वर्षी माझ्या वाट्याला इंग्लंडमधला एक छोटा विमान कारखाना आला. फर्निचरच्या गोदामात सुरू झालेला, दोन माणसांची हलकी विमानं करणारा, आणि शेवटी एका मोठ्या कंपनीने गिळलेला. जुन्या वह्यांची स्कॅन केलेली पानं वाचून त्यांची प्रकरणं करताना दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागत. कामठ्याजवळच्या धावपट्टीवरून उडालेली शिकाऊ वैमानिकांची विमानं छपरावरून जात, तेव्हा मी मानही वर करत नसे.

चौथ्या प्रकरणात मी लिहिलं होतं की कारखान्यातल्या बायका लाकडी पंखांवर लिननचं कापड ताणून ते एका अखंड दोऱ्याने भराभर शिवत. इंग्रजीत वाक्य छान वाटत होतं. इतिहास लिहून घेणाऱ्या इंग्लंडच्या मंडळींनी प्रकरण पास केलं. माझं प्रोबेशन महिनाअखेर संपायचं होतं.

आई घरीच ब्लाऊज शिवते. जेवताना तिने विचारलं, "दिवसभर काय लिवून राहते तू?" मी सहसा सांगत नाही. त्या दिवशी पंखांच्या शिवणीचं सांगितलं.

"एकाच दोऱ्यानं? मंग एक टाका तुटला का सारंच उसवन. तेही वर आभाळात."

"तसंच करत असतील."

"तुले काय मालूम? कधी सुई धरली का हातात?"

नव्हती धरली. लहानपणी मशीनजवळ गेले की तीच हाकलायची, "जा, इंग्लिश वाच." माझ्या युनिफॉर्मचं बटणसुद्धा तीच लावायची.

जेवण झाल्यावर कारखान्याच्या वहीचं स्कॅन पुन्हा उघडलं. पंखाच्या आतल्या लाकडी फासळीला कापड शिवताना प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ असे, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे टिकत. मुकादम बाई एकेक गाठ ओढून बघायची. या दोन ओळी मी आधी वाचल्या होत्या आणि बारीकसारीक माहिती म्हणून सोडून दिल्या होत्या. अखंड दोरा माझ्या मनचा होता.

दोन दिवस मी गप्प राहिले. कोणी पकडणार नव्हतं. पण ज्या बायकांनी गाठ न् गाठ मारली, त्यांच्या कामाला मी घिसाडघाई ठरवलं होतं, आणि ते छापलं जाणार होतं. फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी नागपूरच्या टीम लीडना मेल केला. त्यांचा फोन आलाच.

"पास झालेलं प्रकरण स्वतःहून उकरून राहिली? भलतीच हौस आहे तुला."

"चूक आहे, सर."

"कोणाला कळणार होती?"

"आईला कळली."

"आता सगळीच प्रकरणं पुन्हा तपास. आणि प्रोबेशन तीन महिने वाढलं, असं समज."

घरी मी फक्त काम वाढल्याचं सांगितलं.

आता दुपारी आई हातातलं शिवण बाजूला ठेवून माझ्याशेजारी बसते. मी एकेक परिच्छेद मराठीत सांगते. मध्येच माझा शब्द अडतो, ती थांबते. तिच्या सगळ्याच शंका खऱ्या निघत नाहीत. फाटलेल्या पंखाच्या ठिगळाची कड दुमडून शिवत असतील, असं ती म्हणाली. वहीत कडेचे धागे मुद्दाम मोकळे ठेवल्याचं होतं, वरून लावलेलं रोगण त्यात मुरावं म्हणून. "असंही करतेत?" म्हणत तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, जसं काही तिला ते पान वाचता येणार होतं.

काल पंखांच्या दुरुस्तीवरचं प्रकरण तपासून संपत आलं होतं. दोघींनाही जांभया येत होत्या. "कोरडाच दोरा वापरत का?" तिने विचारलं. "घासून तुटन ना. मेण नाही लावलं?"

मी वहीत शोधलं. मेण होतं, आणि मी ते गाळलं होतं. मी सरांना दुसरा मेल लिहायला घेतला.