आप्पांच्या मुठीतला तुकडा

गेल्या मंगळवारी आप्पा पहिल्यांदा माझ्या विमानात बसले. आणि नेमकं त्याच दिवशी पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही...

आप्पा म्हणजे माझे वडील. कुंडलचे द्राक्षबागायतदार. मी को-पायलट आहे. गावातली दहा-बारा मंडळी बंगळूरला शेतीचं प्रदर्शन बघायला गेली होती आणि परतीची फ्लाइट आप्पांनी हट्टानं माझीच निवडली होती. विमानात चढतानाच त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "गाडी आमची पोरगी चालवतीया." कॅप्टनसाहेब शेजारी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोल्हापूर जवळ आलं. उतरण्यासाठी चाकं खाली सोडली. चाकं नीट बाहेर येऊन लॉक झाली की समोर तीन हिरवे दिवे लागतात. दोन लागले... तिसरा, पुढच्या चाकाचा, लागेना.

कॅप्टननी क्षणाचाही वेळ न घालवता विमान परत वर घेतलं. आकाशात घिरट्या सुरू झाल्या. ते उडवत होते, मी चेकलिस्ट वाचत होते. दुसऱ्या पॅनेलवरही तेच, दोनच दिवे. खाली उसाचे हिरवे पट्टे पुन्हा पुन्हा येत होते. अशा वेळी मागं आपलं माणूस बसलेलं नसावं, खरंच सांगते.

तेवढ्यात केबिनमधून फोन. एअर होस्टेस काकुळतीला आली होती. धावपट्टी दिसली आणि विमान परत वर गेलं म्हटल्यावर आमच्या मंडळींना वाटलं, फाट्यावर एसटी थांबायची राहिली! सगळे उठून उभे. दोघांनी तर बॅगा खाली काढल्या. आणि एक काका म्हणतायत, पायलट माझी मुलगी आहे, मला पुढं जाऊन तिला विचारू द्या...

कॉकपिटचं दार उघडणार नव्हतं, आणि माणसं उभी असताना उतरताही येत नव्हतं. कॅप्टन मला म्हणाले, तुझ्या भाषेत सांग त्यांना.

मी माइक घेतला. प्रमाण मराठीतली अनाउन्समेंट पाठ आहे मला. पण तोंडातून आलं ते घरातलंच.

"आप्पा, मी हाय पुढं. आदी तुमी बसा, मग समद्यास्नी बसवा. पट्टं लावा. एका चाकाचा दिवा लागंना, त्येवढं बघतोय आमी. बघूनच खाली उतरणार हाय."

मिनिटभरात होस्टेसचा परत फोन. सगळे बसले होते.

मग चाक स्वतःच्या वजनानं खाली पडावं म्हणून असलेलं हँडल ओढलं. दिवा लागेना... लागेना... आणि लागला! तरी चाक टेकेपर्यंत मी त्या दिव्यावरची नजर काढली नाही. खाली अग्निशमनच्या गाड्या उभ्या होत्या. कॅप्टननी पुढचं चाक इतकं अलगद टेकवलं की कळलंसुद्धा नाही.

सगळं आटोपून मी चाक बघायला खाली उतरले, तर आप्पा शिडीपाशीच उभे. ग्राउंड स्टाफ चला चला म्हणतोय आणि हे हलायला तयार नाहीत. मला बघितल्याबरोबर त्यांनी पिशवीतून प्रवासातली उरलेली कडक भाकरी काढली, तुकडा मोडला आणि सगळ्या गावासमोर माझ्यावरून ओवाळला. हे काम आमच्याकडं आईचं. आप्पांना मी ते कधीच करताना बघितलं नव्हतं. मग तोच तुकडा वाकून त्या चाकावरूनही ओवाळला. चाक तपासायला आलेला इंजिनिअर बघतच राहिला.

आता ओवाळलेला तुकडा लांब टाकायचा असतो. त्यांनी हात उगारला आणि मी तो धरला. विमानतळावर अन्न टाकलं की पक्षी येतात, आणि पक्षी इंजिनात गेले तर संपलंच. "हितं नगा टाकू, आप्पा," एवढंच मी म्हणाले. ते "व्हय व्हय" म्हणाले, मूठ मिटली आणि मंडळींच्या मागून निघून गेले. मला वाटलं, बाहेर कुठंतरी टाकतील.

संध्याकाळी आईचा फोन आला. मंडळींनी वाटेत इस्लामपूरला जीप थांबवून जेवण केलं. आप्पा जेवले नाहीत. उजवी मूठ उघडायलाच तयार नाहीत म्हणून सगळ्यांनी चेष्टा केली म्हणे. कुंडलची शीव आली तसे ते जीपमधून उतरले, तुकडा लांब भिरकावला आणि तिथून चालत घरी आले. "भाकरीचा पार भुगा झाला हुता गं," आई म्हणाली, "आन् घरी आलं तरी तळहाताला चिकटल्यालाच हुता त्येंच्या."

कॉकपिटमध्ये मला रडू आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ रडले...

माझ्या चाकाचा दिवा कोल्हापूरच्या आभाळातच लागला होता. आप्पा मात्र कुंडलच्या शिवेवर पोचेपर्यंत उतरलेच नव्हते.